मरायचे कधी, हे पेशीला कोण सांगते?

आईच्या पोटात बाळाचा हात घडू लागतो तेव्हा त्याला बोटे नसतात. उलथन्याच्या पात्यासारखा एक चपटा तुकडा असतो, एवढेच. दुसऱ्या महिन्यात त्यावर पाच बोटांच्या खुणा उमटतात आणि बोटांच्या मधल्या पेशी मरून जातात. त्या मेल्या म्हणून बोटे सुटी होतात. बेडकाच्या पिल्लाची शेपटीही तशीच जाते. कुणी ती तोडत नाही, तिच्या पेशी संपतात.

वर्गात हे सांगितले की एखादे तरी मूल विचारतेच, "मॅडम, पण आता मरायचं, हे त्या पेशीला कोण सांगतं?" पेशीला उर्दू माध्यमाच्या पुस्तकात खलिया म्हणतात. मी दोन्ही माध्यमांची मुले शिकवली आहेत, प्रश्न दोन्हीकडे हाच येतो. आणि तो पोरकट मुळीच नाही. मरायची वेळ आली तरी न मरणाऱ्या आणि वाढतच जाणाऱ्या पेशी म्हणजे काय, हे ज्या घरात कर्करोगाचा रुग्ण आहे त्या घराला वेगळे सांगावे लागत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांना पहिल्यांदा नीट सापडले ते जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका किड्यात. त्याचे नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स, थोडक्यात सी. एलेगन्स. जात सूत्रकृमीची. आपल्याला सूत्रकृमी माहीत असतात ते त्रास देणारे: मुलांच्या पोटातले जंत, नाहीतर डाळिंबाच्या मुळांवर गाठी आणणारे. हा मात्र कुणाच्या अध्यात ना मध्यात. सडलेल्या फळांत, कुजलेल्या पाल्यात राहतो आणि तिथले जिवाणू खातो. 1900 साली त्याचे पहिले वर्णन एमिल मोपा यांनी लिहिले. ते अल्जीरियात, अल्जिअर्स शहरातल्या ग्रंथालयात काम करत आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत.

पुढे साठेक वर्षे या किड्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. मग सिडनी ब्रेनर आले. त्यांचा जन्म 1927चा, दक्षिण आफ्रिकेतला. वडील बूट दुरुस्त करायचे, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. कुटुंब दुकानाच्या मागच्या खोल्यांत राहायचे. मुलगा इतका हुशार की पंधराव्या वर्षी शिष्यवृत्तीवर विद्यापीठात गेला आणि डॉक्टर झाला. पण दवाखाना न थाटता तो इंग्लंडला, केंब्रिजच्या प्रयोगशाळेत पोहोचला. (वडिलांना काय वाटले असेल, हा विचार माझ्यातल्या शिक्षिकेच्या मनात येतोच.) 1963 साली त्यांनी आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून सांगितले की, एक लहानसा प्राणी निवडून त्याचे शरीर पेशी-पेशीने समजून घ्यायचे आहे.

सी. एलेगन्स त्यासाठी जणू बनवूनच ठेवलेला होता. अंड्यापासून तीन-चार दिवसांत तो पूर्ण वाढतो आणि दोन-तीन आठवडे जगतो. एकटा किडा जोडीदाराशिवाय तीनशेच्या आसपास पिल्ले देतो. छोट्या बशीत थोडे जिवाणू पसरले की त्याच्या जेवणाची सोय झाली. गोठवून ठेवला तर काही वर्षांनीही पुन्हा हालचाल करू लागतो. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तो काचेसारखा पारदर्शक आहे. जिवंतपणीच त्याच्या आतले सगळे दिसते, चिरफाड करावी लागत नाही.

ब्रेनर यांच्या हाताखाली 1969 साली जॉन सल्स्टन आले. खरे तर हा लेख मी त्यांच्यासाठीच लिहिते आहे. एका पेशीच्या अंड्यापासून पूर्ण किडा होईपर्यंत कोणती पेशी कोणत्या पेशीपासून झाली, याची संपूर्ण वंशावळ त्यांना लिहायची होती. अंड्याच्या आतला भाग सर्वांत अवघड होता. एका लहानशा खोलीत, सकाळी चार तास आणि दुपारी चार तास, असे सुमारे दीड वर्ष ते सूक्ष्मदर्शकात पाहत बसले. पेशी दुभंगली की हाताने चित्र काढायचे, आणि पुन्हा नजर आत. अंड्यातून पिल्लू बाहेर यायला चौदा तास लागतात, तेवढे सलग बसणे माणसाला जमणार नाही. म्हणून एका अंड्यात एक टप्पा, दुसऱ्यात पुढचा, असे तुकडे जोडत ते गेले. 1983 साली वंशावळ पुरी झाली. नातेवाइकांची चार पिढ्यांची नावे सांगताना आपली दमछाक होते, इथे शेकडो पेशींचा हिशेब होता.

हिशेब असा निघाला. किड्याच्या शरीरात वाढीदरम्यान 1090 पेशी तयार होतात. पूर्ण वाढलेल्या किड्यात मोजाव्यात तर 959. मग 131 गेल्या कुठे? त्या मेल्या. आणि प्रत्येक किड्यात त्याच 131 मरतात, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी. शेजारची पेशी मेलेलीला गिळून टाकते, मागे खूणही राहत नाही. हे मरण अपघाताचे नव्हते, शरीराच्या घडणीतच ते लिहिलेले होते. अशा मृत्यूला शास्त्रज्ञांनी अ‍ॅपॉप्टोसिस हे ग्रीक नाव दिले आहे. त्याचा अर्थ गळून पडणे, झाडाची पाने गळतात तसे.

कुठे लिहिलेले, हे अमेरिकेतल्या रॉबर्ट होर्विट्झ यांनी शोधले. ज्यांच्यात त्या 131 पेशी मरतच नाहीत, असे किडे त्यांच्या प्रयोगशाळेत सापडले. कारण पाहिले तर एक जनुक बिघडलेले. 1986 साली त्यांनी दाखवले की, दोन विशिष्ट जनुके ठीक असल्याशिवाय पेशी मरू शकत नाही. पुढे तिसरे जनुक सापडले, ते उलट काम करणारे: पेशीला मरणापासून राखणारे.

इथे गोष्ट किड्यातून माणसात येते. रक्ताच्या एका कर्करोगात बीसीएल-2 नावाचे मानवी जनुक बेसुमार काम करते, हे डॉक्टरांना आधीच दिसले होते. 1992 साली काही संशोधकांनी हे माणसाचे जनुक किड्यात घातले आणि किड्याच्या मरायच्या पेशी वाचल्या! कुठे माणूस, कुठे तो कुजक्या फळातला किडा, पण यंत्राचे सुटे भाग एकमेकांना बसले. कर्करोगाची पेशी मरायला "विसरत" नाही, तिचा राखणदार तिला मरू देत नाही, हे स्पष्ट झाले. मग त्या राखणदारालाच अडवणारे औषध शोधायचे ठरले. व्हेनेटोक्लॅक्स नावाच्या गोळीला 2016 साली अमेरिकेत मान्यता मिळाली, ती रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगासाठी. प्रत्येक कर्करोगावर ती चालत नाही, तेव्हा कुणी नातेवाइकासाठी नाव लिहून घेत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. पण मोपांच्या वर्णनापासून या गोळीपर्यंत 116 वर्षे गेली, आणि त्यातली बहुतेक वर्षे कुणीही औषध शोधत नव्हते.

ब्रेनर, सल्स्टन आणि होर्विट्झ यांना 2002चे नोबेल पारितोषिक मिळाले. चौथा मानकरी हा किडाच आहे, फक्त बक्षिसाच्या रकमेत त्याला वाटा घेता येणार नाही, अशा अर्थाचे ब्रेनर तेव्हा म्हणाले होते. या किड्यावरच्या कामाला त्यानंतरही नोबेल मिळत राहिले, अगदी 2024 साली सुद्धा.

पालकसभेत एका विद्यार्थिनीचे अब्बा मला म्हणाले होते, "मॅडम, डॉक्टर झाली तर ठीक. पण हिला किडेमुंग्या बघायला एवढं कशाला शिकवायचं?" मुलगी मान खाली घालून उभी होती. मी तेव्हा सल्स्टन यांची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारले, "ते ठीक आहे, पण इथे असं काही आहे का?"

आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच किड्यावर काम चालते. तो पारदर्शक असल्याने चेतापेशीच्या आत सामानाची ने-आण कशी होते, हे तिथे जिवंत किड्यात पाहता येते. बारावी विज्ञाननंतर नीट हा एकच दरवाजा आहे असेही नाही. पुण्यात आयसर ही केंद्र सरकारची संस्था आहे, पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि प्रवेशासाठी वेगळी परीक्षा असते. तिच्यात जीवशास्त्राबरोबर गणितही विचारतात. म्हणून मुलीने अकरावीला गणित सोडू नये, हे मी त्या अब्बांना कागदावर लिहून दिले.