सिद्ध कोणी करायचं?

माझ्या नोकरीची बरीच वर्षं एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात गेली. हजार नगांच्या लॉटमधून पन्नास नग काढून तपासायचे. त्यात फार तर एक खराब निघाला तर लॉट पास, दोन निघाले तर परत. नियम साधा, पण त्याच्या पोटात दोन चुका दडलेल्या असतात. शेकडा १ नग खराब असलेला, म्हणजे आमच्या लेखी चांगला लॉट शंभरात आठ-नऊ वेळा उगीचच परत जातो. ही पहिल्या प्रकारची चूक. शेकडा ५ खराब असलेला लॉट शंभरात सुमारे २७ वेळा पास होऊन गिऱ्हाइकाकडे जातो. ही दुसऱ्या प्रकारची. एकही खराब नग चालणार नाही असं ठरवलं, तर त्या २७ चे ७ होतात, पण चांगले लॉट शंभरात ४० वेळा परत जाऊ लागतात. नमुना मोठा केल्याशिवाय दोन्ही चुका एकदम कमी होत नाहीत.

जर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी १९३०च्या आसपास ही मांडणी केली. त्यात एक गृहीतक आधी खरं मानायचं आणि पुरावा त्याच्या विरुद्ध शोधायचा. पुस्तकात ते गृहीतक छापलेलं असतं. कारखान्यात ते साहेब ठरवतात, बहुधा न बोलता.

एका महिनाअखेरीला माझ्या पन्नासांत दोन खराब निघाले. साहेब म्हणाले, "लॉट खराबच आहे हे सिद्ध करता येईल का तुम्हाला? नाहीतर आणखी पन्नास काढा." दुसऱ्या पन्नासांत एकच निघाला. मी सही केली. शेकडा ५ खराब असलेल्या लॉटला अशी दुसरी संधी दिली, की तो पास होण्याची शक्यता शंभरात २७ वरून ४७ वर जाते. हा हिशेब मी केला, पण रात्री घरी गेल्यावर.

पुढे अमेरिकेच्या चॅलेंजर यानाच्या अपघाताचा चौकशी अहवाल वाचला, तेव्हा साहेबांचा तो प्रश्न पुन्हा भेटला. २७ जानेवारी १९८६च्या रात्री नासा आणि रॉकेट बनवणारी मॉर्टन थायोकोल कंपनी यांची फोनवर बैठक झाली. सकाळी कडाक्याची थंडी असणार होती. रॉकेटच्या सांध्यांतली रबरी कडी थंडीत कडक होतात, म्हणून सुमारे १२ अंश सेल्सिअसखाली उड्डाण नको, असं कंपनीचे अभियंते सांगत होते. एरवी यान सुरक्षित आहे हे अभियंत्यांना दाखवावं लागे. त्या रात्री ते असुरक्षित असल्याचं दाखवा, असा उलटा भार आपल्यावर पडला, अशी साक्ष रॉजर बॉइजोली या अभियंत्यानं नंतर दिली.

आकडे हाताशी होते. पण चर्चा झाली ती फक्त कडी खराब झालेल्या उड्डाणांची, आणि त्यांत एक उबदार दिवसाचंही असल्यानं थंडीचा संबंध दिसेना. आयोगानं बिनबिघाडाची उड्डाणंही मांडली. सुमारे १९ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाच्या २० उड्डाणांत बिघाड ३. त्याखालच्या चारही उड्डाणांत बिघाड. चॅलेंजर सुटलं तेव्हा हवा २ अंशांच्या आसपास होती. ७३ सेकंदांत यान फुटलं, सातही जण गेले.

आमच्या लॉटनं कुणाचा जीव घेतला नाही. तीन आठवड्यांनी तो गिऱ्हाइकाकडून परत आला. तपासणीच्या कागदावर 'दुसरा नमुना' एवढंच लिहिलेलं होतं. तो कुणी काढायला लावला याला रकाना नव्हता. खाली सही माझी होती.