शिक्षण, धर्म आणि नास्तिकाचे म्हणणे

दौलताबादच्या किल्ल्यात महाकोटाचे दरवाजे ओलांडून हत्तीहौदाच्या पुढे गेले की भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाणारी वास्तू लागते. तिचे कोरीव खांब जुन्या मंदिरांचे आहेत. ते खांब वापरून खलजी अमदानीत, १३१८ च्या सुमारास, येथे जामी मशीद उभी राहिली. आणि १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर त्याच वास्तूत भारतमातेची मूर्ती बसविण्यात आली. राज्ये बदलली आणि प्रत्येक राज्याने त्याच खांबांखाली आपापले श्रद्धास्थान आणून ठेवले. हिवाळ्यात येथे शाळांच्या सहली येतात. मुले रांगेने आत जातात, हात जोडतात, चांदमिनारापुढे छायाचित्र काढून घेतात आणि बालेकिल्ल्याकडे वळतात. एका खांबाची घडण दुसऱ्या खांबाशी जुळत का नाही, असे एखाद्या चौकस मुलाने विचारलेच, तर त्याला मिळणारे उत्तर बहुधा शिक्षकाच्या धर्मावर अवलंबून राहते. नास्तिकाचे म्हणणे नेमके येथून सुरू होते.

हे म्हणणे शांतपणे ऐकून घेण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. नास्तिक म्हणजे देवळांना टाळे ठोका आणि वारी बंद करा असे सांगणारा माणूस, अशी एक सोयीस्कर प्रतिमा तयार झालेली आहे. वस्तुतः घरात, देवळात वा मशिदीत कोणी काय मानावे हा विवेकी नास्तिकाच्या दृष्टीने ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकाचा प्रश्न असतो. त्याची खरी हरकत एका जागेविषयी आहे, आणि ती जागा म्हणजे शाळा. शाळा चालते सार्वजनिक पैशावर; तेथे मुलांनी बसलेच पाहिजे असा कायदा आहे; आणि ज्या वयात ती बसतात त्या वयात त्यांना प्रतिवाद करता येत नाही. अशा ठिकाणी एखादी गोष्ट मानायची म्हणून शिकविली गेली की ती तपासून पाहण्याची सवय अंगी बाणण्यापूर्वीच खुडली जाते. मग तोटा केवळ तत्त्वज्ञानात होत नाही. तो अगदी धान्याच्या कोठारातही होतो.

कोठाराचा दाखला याच किल्ल्यातला आहे. १२९६ साली अलाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य बाहेर होते. फिरिश्त्याने दिलेल्या हकिकतीप्रमाणे, घाईगर्दीत जी पोती किल्ल्यात चढविली गेली त्यांत धान्य आहे असे सर्वांनी गृहीत धरले. वेढा पडल्यावर ती उघडली तेव्हा आत मीठ निघाले. हकिकत अक्षरशः खरी असेल वा नसेल. पण पोते उघडून पाहण्याचे काम ज्याच्याकडे असते तो माणूस घडवावा लागतो, एवढे तिच्यावरून ध्यानात येते.

याच यादव दरबारात हेमाद्री पंडित श्रीकरणाधिप होता. त्याच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'तील व्रतखंडात तिथीवार व्रते, उद्यापने आणि दाने यांचा प्रचंड संभार आहे. व्रतवैकल्यांत गुंतल्यामुळे देवगिरीचे राज्य बुडाले, हा आरोप मराठीत जुना आहे. तो जसाच्या तसा उचलणे नास्तिकालाही शोभणार नाही. वारंगळच्या काकतीयांकडे आणि द्वारसमुद्राच्या होयसळांकडे हेमाद्री नव्हता, तरी तीही राज्ये पुढे गेलीच. एका ग्रंथाने राज्य बुडत नाही. मात्र समाजाची उत्तम बुद्धी कोणत्या प्रश्नांवर खर्ची पडते, हा प्रश्न उरतोच. आणि तो जितका धर्मशास्त्राचा आहे तितकाच अर्थशास्त्राचाही आहे. कोणत्या तिथीला काय दान द्यावे याचा काथ्याकूट करण्यात ज्याची प्रज्ञा रमली, तो राज्याच्या दफ्तराचा मुख्य होता.

या मातीतील धर्माचा इतिहास पाठ्यपुस्तकातल्यासारखा सरळ नाही, हेही कबूल केले पाहिजे. निजामशाहीच्या काळात याच किल्ल्यावर जनार्दनस्वामी होते. त्यांचे गुरू म्हणून परंपरा चांद बोधले या सुफी सत्पुरुषाचे नाव सांगते, आणि पैठणहून त्यांच्याकडे शिष्य म्हणून आले ते एकनाथ. नाथांना हिशेबात एका पैची चूक सापडत नव्हती. रात्रभर जागून ती सापडली तेव्हा ते आनंदाने टाळ्या पिटू लागले, ही कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते. एका पैच्या चुकीने इतका आनंद, तर संसाराची चूक उमगल्यावर किती होईल, असा उपदेश गुरूने केला म्हणतात. नास्तिकाची तक्रार एवढीच की शाळेत ही कथा सांगताना सगळा भर उपदेशावर पडतो, आणि रात्रभर दिव्याच्या उजेडात चूक शोधणारा तो तरुण मात्र मागे पडतो. कारकुनी केलेल्या कोणालाही ठाऊक आहे की त्या रात्रीचे मोल कमी नाही.

आता कायद्याची बाजू पाहू. संपूर्णपणे शासकीय निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण दिले जाणार नाही, असे संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदात म्हटले आहे. मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेतही कोणाला त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. नियम स्पष्ट आहे. व्यवहार वेगळा आहे. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतील शिक्षक परिपाठाच्या वेळी इतरांबरोबर उभे राहत, पण प्रार्थनेला हात जोडत नसत. त्यांनी कोणाला अडविले नव्हते, घोषणा दिली नव्हती. तरीही ही बेशिस्त मानली गेली आणि त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी रोखली गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि शिक्षकाला असे हात जोडायला भाग पाडणे हा त्याच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, असे न्यायालयाने २०१३ साली सांगितले. दोन तळहात जोडले नाहीत म्हणून वेतनश्रेणी रोखली जाणे म्हणजे काय, हे पगारदार माणसाला विशद करून सांगण्याची गरज नाही. शिक्षकाची ही गत, तर तिसरीतल्या मुलाने हात जोडायचे नाहीत असे ठरविले तर त्याचे काय होईल? संमती विचारलेला पालक तर शोधूनच काढावा लागेल.

दुसरा निकाल २०१४ चा. कोणत्याही शासकीय अर्जात आपला धर्म लिहिण्याची सक्ती नागरिकावर करता येणार नाही आणि आपण कोणत्याच धर्माचे नाही असे सांगण्याचा त्याला हक्क आहे, असे याच उच्च न्यायालयाने म्हटले. गंमत अशी की हा हक्क मिळविणारे अर्जदार नास्तिक नव्हतेच. येशूवर त्यांची श्रद्धा होती. फक्त स्वतःला कोणत्याही संघटित धर्माचे म्हणवून घेणे त्यांना मान्य नव्हते. नास्तिकांच्या वाट्याला आलेला हा लाभ श्रद्धावंतांच्या कष्टाचा आहे, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे.

ही सगळी तक्रार एकाच धर्माविरुद्ध आहे, असा आक्षेप हमखास घेतला जातो. इतिहास तसे सांगत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचा प्रचार मिशनरी चालकांना रुचला नाही, आणि १९२५ साली त्यांना ती नोकरी सोडावी लागली. त्यांच्या गणितात कोणी चूक काढली नव्हती. निजामी राजवटीत, १९३८ साली, औरंगाबादच्या महाविद्यालयात आणि उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहातील 'वंदे मातरम्' या गीतावर बंदी आली; विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, त्यांची नावे काढली गेली आणि अनेकांना नागपूर विद्यापीठाचा आसरा घ्यावा लागला. त्या मुलांचे धैर्य मोठेच होते. पण विद्यापीठात कोणती प्रार्थना चालेल हे ठरविण्याचा अधिकार राज्यकर्त्याच्या हाती गेला की काय होते, याचा तो धडाही होता. तो धडा आपण अर्धाच शिकलो. निजामाने बंदी घातली हे लक्षात राहिले. ठरविण्याचा अधिकारच कोणाला असू नये, हे राहून गेले. मुस्लिम समाजातही हमीद दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले तेव्हा त्यांना सर्वाधिक विरोध झाला तो धर्माच्या रखवालदारांकडूनच.

उरतो संस्कारांचा प्रश्न. धर्म वगळला तर मुलांना नीती कोण शिकविणार, असे सरळ मनाचे शिक्षकही विचारतात, आणि या प्रश्नाची टर उडविणे बरे नाही. मे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात मनाचे श्लोक आणि गीतेचा अध्याय यांचे पाठांतर सुचविलेले होते, आणि मूल्यशिक्षणाच्या प्रकरणात मनुस्मृतीतील एक श्लोक उद्धृत केलेला होता. त्यावर गदारोळ झाला. या गदारोळात एक भेद हरवला. ग्रंथ वाचणे वेगळे, ग्रंथाची आज्ञा पाळणे वेगळे. ज्ञानेश्वरी आणि तुकारामांची गाथा यांच्यावाचून मराठीचा अभ्यास होऊच शकत नाही. त्या काढून टाका असे म्हणणारा नास्तिक स्वतःच्या भाषेला मुकेल. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवीत, आणि मनुस्मृतीवरील त्यांची व्याख्याने गाजली. त्यांनी तो ग्रंथ बाजूला सारला नाही; तो बारकाईने वाचला, त्याची चिकित्सा केली. पाठांतराने हे होत नाही. खोटे बोलू नये हे मुलाला समजण्यासाठी दोन मुलांच्या भांडणात शिक्षकाने दिलेला न्याय पुरतो. त्यामागे परलोकाचा धाक उभा करावा लागत नाही. उलट धाकाने शिकलेली नीती धाक सरला की सरते, हा परीक्षागृहातील पर्यवेक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे.

वेळेचा हिशेबही करता येईल. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन हवे. रोज पंधरा मिनिटे प्रार्थनेला दिली तर वर्षाचे ५५ तास होतात. पण नास्तिकाचा मुद्दा तासांचा नाही. तेवढा वेळ स्नेहसंमेलनाच्या तालमीतही जातो.

मुद्दा पोते उघडून पाहण्याचा आहे. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिषाला विद्यापीठाचे दार उघडून दिले, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्याचे नाकारले. त्यानंतर काही वर्षांनी जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात एक साधी चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० जन्मपत्रिका जमवून त्यांतील चाळीस चाळीस ज्योतिषांकडे पाठविल्या, आणि पत्रिका कोणत्या गटातील ते ओळखा म्हणून सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवून ठरविले असते तरी सुमारे पन्नास टक्के उत्तरे बरोबर आली असती. ही चाचणी अकरावीच्या कोणत्याही वर्गाला करून पाहता येईल. संख्याशास्त्राचा याहून चांगला पहिला पाठ सुचविणे कठीण आहे.

या कामात नारळीकरांबरोबर डॉ. नरेंद्र दाभोलकर होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अनेक वर्षे झगडले, त्याचा वटहुकूम त्यांच्या खुनानंतर काही दिवसांतच निघाला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली आणि तिघांना निर्दोष सोडले. जन्मठेप झालेले दोघेही याच जिल्ह्यातील तरुण, आणि त्यांतला एक दौलताबादच्या परिसरातला. एखाद्या खुनाचा दोष शाळेवर टाकणे अन्यायाचे होईल. नास्तिकाने तर ते मुळीच करू नये, कारण पुराव्यावाचून निष्कर्ष काढण्यालाच त्याचा विरोध आहे. तरीही प्रश्न मनातून जात नाही. आपल्याला न पटणाऱ्या माणसाशी वाद कसा घालावा, हे या तरुणांना कोणत्या इयत्तेत, कोणत्या तासाला, कोणी शिकविले असेल?

त्याच जिल्ह्यात, किल्ल्यापासून काही कोसांवर, बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली महाविद्यालय काढले, आणि पुढे त्याला नाव मिळाले ते मिलिंदाचे. मिलिंद हा यवन राजा. भिक्षू नागसेनाला तो एकामागून एक प्रश्न विचारीत गेला, आणि उत्तरे पटली तेव्हा त्याने ती मान्य केली. बाबासाहेबांनी पुढे धम्म स्वीकारला. तेथे नास्तिकाचा आणि त्यांचा मार्ग कदाचित वेगळा होईल. पण प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव ज्या महाविद्यालयाला शोभून दिसले, त्या महाविद्यालयाच्या दारापर्यंत तरी दोघे बरोबर चालू शकतात.

येत्या हिवाळ्यात पुन्हा सहली निघतील. शिक्षकांनी त्या वास्तूत आणखी दहा मिनिटे थांबावे. ज्याला हात जोडायचे असतील त्याने जोडावेत, ज्याला नसतील त्याला कोणी कोपराने डिवचू नये. मग मुलांना वह्या काढायला सांगून खांब मोजायला लावावेत. कोणते नक्षीकाम कोणाशी जुळते, कोणता खांब दुसरीकडून आणून बसविलेला दिसतो, वास्तूची मागची भिंत पश्चिमेलाच का आहे, हे ज्याचे त्याला लिहू द्यावे. उत्तरे एकमेकांशी जुळणार नाहीत. बस सुटायला थोडा उशीर होईल.