विमानतळाची वाट कोणाच्या खिशातून?

डोंबिवलीहून निघालेला माणूस मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलवर कसा पोहोचतो, ते पाहा. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे खाली उतरून भुयारी मेट्रो ३, आणि पुढचेच स्टेशन टी-२. हातात एकच बॅग, पण वाटेत मालक चार. लोकल भारतीय रेल्वेची. मेट्रो १ सरकारी-खासगी भागीदारीतल्या कंपनीची. मेट्रो ३ केंद्र आणि राज्य यांच्या निम्म्या-निम्म्या मालकीच्या कंपनीची. आणि टर्मिनल ज्या कंपनीचे, तिच्यात अदानी समूहाचा वाटा ७४ टक्के, तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा २६ टक्के.

चार मालक म्हणजे चार तिजोऱ्या, चार वेळापत्रके आणि चार हिशेब. विमानतळाच्या वाटेबद्दलचे बहुतेक गैरसमज या गुंत्यातूनच जन्माला येतात.

गैरसमज : स्टेशनच्या नावात ‘एअरपोर्ट’ आहे, म्हणजे विमानतळ दारात आहे.

वस्तुस्थिती : मेट्रो १ वर ‘एअरपोर्ट रोड’ नावाचे स्टेशन आहे. ते अंधेरी-कुर्ला रस्त्यावर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. घाटकोपरकडून येणारा नवखा प्रवासी नाव वाचून मरोळ नाक्याला बसून राहतो, एक स्टेशन पुढे जातो आणि तिथे उतरून रिक्षा शोधू लागतो. टर्मिनलसाठीची स्टेशने मेट्रो ३ वर आहेत, तीही दोन : टी-१ आणि टी-२. या दोहोंच्या मध्ये सहार रोड हे आणखी एक स्टेशन लागते. त्यामुळे घरातून निघण्यापूर्वी आपले विमान कोणत्या टर्मिनलवरून सुटणार, हे तिकिटावर पाहून घेतलेले बरे.

गैरसमज : विमानतळ ज्याने बांधला, त्यानेच तिथवरचा रस्ताही बांधायचा असतो.

वस्तुस्थिती : पैशाची सीमा बहुधा कुंपणावर ठरते. पश्चिम द्रुतगती महामार्गावरून थेट टी-२ ला नेणारा, सुमारे दोन किलोमीटरचा सहार उन्नत मार्ग फेब्रुवारी २०१४ मध्ये खुला झाला. तो एमएमआरडीएने केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून उभा केला. विमानतळाच्या हद्दीतला तुकडा विमानतळ कंपनीने बांधला. रस्ता सलग दिसतो, हिशेब मात्र दोन.

गोव्यातही तेच. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जीएमआर समूहाने बांधला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. पण धारगळहून मोपाला नेणारा सहापदरी जोडरस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून केंद्राच्या पैशातून झाला आणि त्याचे उद्‌घाटन जुलै २०२३ मध्ये झाले. विमानतळ आधी, त्याचा हमरस्ता सहा महिन्यांनी.

उलटे उदाहरणही आहे. लंडनची हीथ्रो एक्स्प्रेस १९९८ मध्ये विमानतळ कंपनीने स्वतःच्या पैशातून सुरू केली. पॅडिंग्टनपर्यंत पंधरा मिनिटे लागतात, पण तिकीट साध्या गाड्यांपेक्षा चांगलेच महाग असते. घातलेले पैसे कंपनी प्रवाशांकडूनच वसूल करणार, हे उघड होते.

गैरसमज : मेट्रो ३ जपानच्या पैशातून झाली, आपल्याला काही द्यावे लागले नाही.

वस्तुस्थिती : जपानच्या ‘जायका’ संस्थेने दिले ते कर्ज, देणगी नव्हे. मूळ २३,१३६ कोटी रुपयांच्या अंदाजात या कर्जाचा वाटा १३,२३५ कोटी, म्हणजे सुमारे ५७ टक्के होता. काम संपेपर्यंत प्रकल्पाचा खर्च ३७,००० कोटींच्या पुढे गेला. व्याज सवलतीचे असले तरी मुद्दल फेडावेच लागते.

उरलेल्या पैशांत एक मजेशीर धागा सापडतो. विमानतळाशी संबंधित तीन स्टेशनांसाठी मुंबई विमानतळ कंपनीचा ७७७ कोटी रुपयांचा वाटा ठरला. त्यातली मोठी रक्कम विमान प्रवाशांकडून गोळा करायला विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘एरा’ने परवानगी दिली. २०१६ पासून मुंबईहून उडणाऱ्या देशांतर्गत प्रवाशाच्या तिकिटात २० रुपये आणि परदेशी जाणाऱ्याच्या तिकिटात १२० रुपये ‘मेट्रो विकास शुल्क’ म्हणून धरले गेले. भुयार अजून खणायचे होते, गाडी धावायला आठ वर्षे होती, आणि तिचे पैसे लोक विमानाच्या तिकिटातून भरत होते.

विमानात कधीच न बसलेलाही सुटत नाही. १ एप्रिल २०२२ पासून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर या शहरांत घरखरेदीच्या मुद्रांक शुल्कासोबत मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठी घराच्या किमतीवर एक टक्का अधिभार लागतो. साठ लाखांचे घर घेणाऱ्याने त्यापोटी साठ हजार रुपये मोजलेले असतात.

गैरसमज : खासगी कंपनीला दिले की सरकारचा खर्च वाचतो.

वस्तुस्थिती : दिल्लीची एअरपोर्ट एक्स्प्रेस मार्गिका हे याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण. नवी दिल्ली स्टेशन ते द्वारका सेक्टर २१ हा सुमारे पावणेतेवीस किलोमीटरचा मार्ग २३ फेब्रुवारी २०११ रोजी सुरू झाला. भुयारे आणि पूल सरकारी दिल्ली मेट्रोने बांधले. रूळ, गाड्या, यंत्रणा आणि चालवणे रिलायन्स इन्फ्राच्या नेतृत्वाखालील कंपनीकडे. जुलै २०१२ मध्ये पुलांच्या बेअरिंगमधील दोषांमुळे मार्गिका बंद पडली. जानेवारी २०१३ मध्ये ती पुन्हा धावू लागली आणि त्याच वर्षाच्या मध्यावर कंपनीने हात झटकले. गाड्या दिल्ली मेट्रोने ताब्यात घेतल्या.

भांडण तिथे संपले नाही. २०१७ मध्ये लवादाने कंपनीच्या बाजूने हजारो कोटींच्या भरपाईचा निवाडा दिला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने फेरविचारानंतरच्या उपचारात्मक याचिकेवर तो रद्द केला. एका मार्गिकेचा हिशेब मिटायला अकरा वर्षे कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या.

भागीदारी वाईट, असा याचा अर्थ नाही. बांधकामात दोष निघाला, प्रवासी कमी आले किंवा भाडे वाढवता आले नाही, तर तोटा कोणाचा, हे करारात नेमके लिहिलेले असावे लागते. नाहीतर वाचलेला खर्च नंतर न्यायालयात व्याजासकट समोर उभा राहतो.

गैरसमज : पार्किंगचे दर ही निव्वळ लूट आहे आणि तिचा विमानतळाच्या वाहतुकीशी काही संबंध नाही.

वस्तुस्थिती : दर चढे आहेत, यावर कोणी वाद घालणार नाही. पण त्या पैशाला पुढे वाटा फुटतात. मुंबई विमानतळ कंपनीला करारानुसार आपल्या महसुलातला ३८.७ टक्के वाटा विमानतळ प्राधिकरणाला द्यावा लागतो. शिवाय पार्किंग, दुकाने, जाहिराती यांसारख्या ‘बिगर-हवाई’ उत्पन्नाचा ३० टक्के भाग विमानांचे शुल्क ठरवताना वजा धरला जातो. म्हणजे गाडी लावणारा माणूस नकळत इतरांच्या तिकिटाला थोडा हातभार लावत असतो.

यातून एक अवघड पेच तयार होतो. स्टेशन दारात आले की टर्मिनलसमोरची गर्दी कमी होते, पण पार्किंगचा गल्लाही हलका होऊ शकतो. म्हणून रेल्वेत विमानतळ कंपनीचा वाटा किती, हे तिच्या मर्जीवर न सोडता आधीच ठरवून घ्यावे लागते.

गैरसमज : रस्ता रुंद केला, उड्डाणपूल बांधला की कोंडी संपली.

वस्तुस्थिती : सहार उन्नत मार्गाने महामार्ग ते टर्मिनल हा टप्पा सिग्नलविना केला, हे खरे. पण त्या महामार्गापर्यंत पोहोचण्याची कोंडी त्याने सोडवलेली नाही. दुसऱ्या टोकाला निर्गमनाच्या दारासमोरची कडा तेवढीच राहते. तिथे प्रत्येक गाडी थांबते, डिकी उघडते, बॅगा निघतात, निरोप होतो. पूल जितक्या वेगाने गाड्या आणून ओततो, तितक्या वेगाने ती कडा मोकळी होत नाही.

मोठा पूल सगळ्यांसाठी असतो, असेही नाही. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षा यांना बंदी आहे, तर मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये ठरला. दक्षिण मुंबईतून मोटारसायकलवर नवी मुंबई विमानतळावर कामाला जाऊ पाहणाऱ्या लोडरला त्याचा उपयोग शून्य.

साध्या बसला मात्र आपण फार लवकर कमी लेखतो. बंगळुरूचा देवनहळ्ळीचा विमानतळ मे २००८ मध्ये सुरू झाला. तिथल्या मेट्रो मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली २०२१ मध्ये. मधल्या काळात शहर आणि विमानतळ यांना जोडून ठेवले ते ‘वायू वज्र’ या वातानुकूलित बससेवेने. नवा पूल नाही, भुयार नाही. आहे त्याच रस्त्यावर नेमाने येणारी गाडी.

गैरसमज : ही सगळी सोय विमानाने जाणाऱ्यांचे चोचले पुरवायला आहे.

वस्तुस्थिती : विमानतळावर रोज जाणारा माणूस प्रवासी नसतो, तो कामगार असतो. सुरक्षारक्षक, सामान चढवणारे, सफाई करणारे, उपाहारगृहातले, मालवाहतूक विभागातले, तंत्रज्ञ. प्रवासी वर्षातून दोनदा येतो. हे लोक दिवसाआड नाही, तर रोज पाळीप्रमाणे येतात. ३३.५ किलोमीटरची मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत धावते आणि वाटेत सीप्झ, एमआयडीसी, मरोळ, बीकेसी अशी नोकऱ्यांची ठाणी घेते. ती फक्त विमानतळासाठी आखली असती, तर दिल्लीच्या एक्स्प्रेससारखी तीही प्रवाशांची वाट पाहत राहण्याचा धोका होता. विमानतळ हे तिच्या सत्तावीस स्टेशनांपैकी काही स्टेशनांचे निमित्त आहे.

गैरसमज : विमानतळ झाला की रेल्वे आपोआप येते.

वस्तुस्थिती : नवी मुंबई विमानतळावरून पहिली विमाने २५ डिसेंबर २०२५ रोजी उडाली. जवळची उरण रेल्वेमार्गिका विमानतळासाठी म्हणून जन्मली नाही; ती नवी मुंबईच्या वाढीसाठी सिडको आणि रेल्वे यांनी ६७:३३ या प्रमाणात खर्च वाटून बांधली. २०१८ मध्ये ती खारकोपरपर्यंत आली आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणला पोहोचली. विमानतळाला जवळचे तरघर स्टेशन याच मार्गावर आहे, पण टर्मिनलच्या दारात नाही.

दोन्ही विमानतळांना जोडणारी सुमारे ३५ किलोमीटरची मेट्रो ८ भागीदारी तत्त्वावर बांधण्याचे ठरले आहे. ती होईपर्यंत टी-२ ला उतरून नवी मुंबईचे पुढचे विमान रुळांवरून गाठू पाहणाऱ्याचा मार्ग असा : मेट्रो ३ ने मरोळ नाका, मेट्रो १ ने घाटकोपर, लोकलने कुर्ला, हार्बरने नेरूळ, उरण गाडीने तरघर, आणि शेवटी टर्मिनलपर्यंत एखादी बस किंवा रिक्षा.