‘मोठे डॉक्टर कधी येणार?’ : निवासी डॉक्टर, त्यांच्या परीक्षा आणि आपले गैरसमज

रात्रीचे अडीच वाजलेले. सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात खाटा संपून पेशंट खाली गाद्यांवर. एकाला सलाईन लावून होत नाही तोच दुसऱ्याचा ईसीजी, तो हातात येतो तोवर तिसऱ्याला धाप. या धावपळीत कोणीतरी नातेवाईक पुढे होतो आणि विचारतो, ‘ताई, मोठे डॉक्टर कधी येणार?’

विचारणाऱ्याची काळजी खरी असते. पण ज्या ताईला तो विचारतो, ती निरोप सांगायला उभी नसते. त्या घटकेला अख्खा वॉर्ड तिच्या भरवशावर असतो आणि काही महिन्यांवर तिची स्वतःची परीक्षा येऊन ठेपलेली असते. निवासी डॉक्टर, त्यांचे काम आणि त्यांच्या परीक्षा यांविषयी जे समज पक्के बसले आहेत, त्यांतले बरेच चुकीचे आहेत. त्याचा त्रास डॉक्टरांना होतो आणि पेशंटलाही.

गैरसमज : निवासी डॉक्टर म्हणजे अजून डॉक्टर न झालेला विद्यार्थी

एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि इंटर्नशिपचे एक वर्ष पूर्ण करून, मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी झाल्यावरच कोणी निवासी डॉक्टर होतो. औषध लिहून देण्याचा, उपचार करण्याचा कायदेशीर अधिकार त्याला असतो. तो शिकत असतो ते एका विषयातले तज्ज्ञत्व: मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, भूलशास्त्र. तीन वर्षांचा हा काळ जेआर (ज्युनियर रेसिडेंट) वन, जेआर टू, जेआर थ्री अशा पायऱ्यांनी मोजला जातो. जुन्या पिढीचे डॉक्टर अजूनही ‘हाउसमन’ आणि ‘रजिस्ट्रार’ हेच शब्द वापरतात.

‘निवासी’ हा शब्द शब्दशः खरा होता. अमेरिकेत बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय 1889 साली सुरू झाले. तिथे विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉलस्टेड यांनी ही पद्धत रुजवली. शिकणारे डॉक्टर रुग्णालयाच्या आवारातच राहत आणि हाक येईल तेव्हा धावत. आजचा निवासी डॉक्टर महाविद्यालयात फी भरणारा विद्यार्थी असतो आणि रुग्णालयात विद्यावेतन घेऊन राबणारा डॉक्टरही असतो. पुढच्या बहुतेक अडचणी या दुहेरी भूमिकेतूनच येतात. अभ्यासाला वेळ मागितला की त्याला डॉक्टर म्हणतात आणि कामाचे तास मोजले की विद्यार्थी.

गैरसमज : नीट-पीजी पार पडली, की खरी परीक्षा संपली

नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशासाठी निवडीची चाळणी आहे. 200 बहुपर्यायी प्रश्न, साडेतीन तास, बरोबर उत्तराला 4 गुण आणि चुकीला 1 वजा. 2024पासून पेपरचे पाच भाग केले गेले. प्रत्येक भागात 40 प्रश्न आणि 42 मिनिटे. वेळ संपली की मागे जाता येत नाही. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटाहून जेमतेम थोडा जास्त वेळ. दर वर्षी 2 लाखांहून अधिक डॉक्टर या परीक्षेसाठी नाव नोंदवतात. 2024 साली ही परीक्षा 23 जूनला ठरली होती. आदल्या रात्री ती पुढे ढकलली गेली आणि 11 ऑगस्टला झाली. अनेकांनी तोवर परगावच्या केंद्राकडे जाणारी गाडी धरली होती.

पण या परीक्षेत विचारतात ते एमबीबीएसचे एकोणीस विषय. सर्जन व्हायला निघालेल्या मुलीला सर्जरी किती येते, हे तिच्या रँकवरून कळत नाही. ते तीन वर्षांनंतरच्या परीक्षेत कळते आणि ती परीक्षा सर्वस्वी वेगळ्या जातीची असते.

गैरसमज : ‘शून्य पर्सेंटाइल’वाले आता तज्ज्ञ होणार

सप्टेंबर 2023 मध्ये नीट-पीजीची पात्रता सर्व गटांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली, तेव्हा ही भीती घरोघर पोचली. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. आपल्या खाली किती टक्के उमेदवार आहेत, ते पर्सेंटाइल सांगते. शून्य पर्सेंटाइलची अट म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण समुपदेशनाच्या, म्हणजे जागावाटपाच्या, फेरीत भाग घेऊ शकतो, एवढेच. जागा मिळते ती रँकप्रमाणे. शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्र अशा विषयांतल्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहत होत्या, हेही या निर्णयामागे होते.

प्रवेशाची अट इतकी खाली आणावी का, हा वाद रास्त आहे. मात्र आत आलेल्या प्रत्येकाला शेवटची परीक्षा सारखीच असते. तिथे कोणालाही सवलत नाही. म्हणून तज्ज्ञ डॉक्टरांच्या दर्जाची काळजी वाटणाऱ्याने प्रवेशाच्या दाराइतकेच बाहेर पडण्याच्या दाराकडे पाहायला हवे.

गैरसमज : डीएनबी म्हणजे एमडीपेक्षा कमी

डॉक्टरच्या पाटीवर ‘डीएनबी’ दिसले की काही जण विचारात पडतात. लग्नाच्या बैठकीतसुद्धा ‘एमडी नाही का?’ असा प्रश्न होतो. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची सुरुवात 1975 साली झाली आणि 1982पासून ते स्वायत्त आहे. त्याची डीएनबी ही पदवी एमडी किंवा एमएसच्या बरोबरीची मानली जाते.

फरक आहे तो वाटेत. एमडी, एमएस वैद्यकीय महाविद्यालयातून होते. महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांची ही परीक्षा 1998 साली स्थापन झालेले नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. अभिमत विद्यापीठे स्वतःची घेतात. डीएनबी मात्र मान्यता मिळालेल्या सरकारी, विश्वस्त संस्थांच्या आणि खासगी रुग्णालयांतूनही करता येते आणि तिचा लेखी पेपर देशभर एकच असतो. चार पेपर, प्रत्येकी 100 गुण, तीन तास. लेखी पार झाल्याशिवाय प्रात्यक्षिकाला बसता येत नाही. एमडी-एमएसला चारपैकी दोन परीक्षक बाहेरचे असतात. डीएनबीचा उमेदवार बहुधा अनोळखी शहरातल्या अनोळखी रुग्णालयात जाऊन, अनोळखी परीक्षकांसमोर उभा राहतो.

त्या शहरातले पेशंट वेगळीच भाषा बोलत असतील, तर पंचाईत आणखी वाढते. याची दुसरी बाजू महाराष्ट्रात रोज दिसते. सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. केरळ, बिहार, राजस्थानातून आलेला जेआर वन पहिले काही महिने मराठीही शिकत असतो. ‘कळ मारते’ आणि ‘मुंग्या येतात’ यांत काय फरक, ‘पोटात गोळा येतो’ म्हणजे नक्की काय होते, ‘अंगावरून पांढरं जातं’ हे बाई इतक्या हळू आवाजात का सांगते. हे शब्द पुस्तकात सापडत नाहीत, आणि निदान पुष्कळदा त्यांच्यावरच अवलंबून असते.

गैरसमज : नापास झाला म्हणजे अभ्यासात कच्चा

एमडी-एमएसला प्रत्येक पेपरात किमान 40 टक्के, लेखीत एकूण 50 टक्के आणि प्रात्यक्षिकात वेगळे 50 टक्के लागतात. आकडे सोपे वाटतात. पण नीट-पीजीत पर्याय निवडण्यात तरबेज झालेल्या मुलाला इथे तीन तास हाताने, मुद्देसूद, आकृत्यांसह लिहायचे असते. मधल्या तीन वर्षांत त्याने हजारो केसपेपर लिहिलेले असतात, पण सलग उत्तर क्वचितच.

प्रात्यक्षिकात लाँग केस मिळते. एक पेशंट आणि तासाभराच्या आतबाहेरचा वेळ. माहिती विचारायची, तपासायचे, निदान मांडायचे आणि मग परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यायचे. त्यानंतर शॉर्ट केसेस, उपकरणे, एक्स-रे, टेबल व्हायवा. त्याआधी प्रबंध पूर्ण झालेला लागतो. एमडी-एमएसला तो परीक्षेच्या किमान सहा महिने आधी सादर करावा लागतो. म्हणजे ओपीडी, वॉर्ड, ऑपरेशन थिएटर सांभाळून पेशंटच्या नोंदी गोळा करणे, त्यांचे संख्याशास्त्र मांडणे आणि गाइडच्या सह्या मिळवणे. शिवाय आता जिल्हा रुग्णालयात तीन महिन्यांचे कामही सक्तीचे आहे.

नापास होणाऱ्यांत तयारी कमी पडलेले असतात, तसे वेळ न मिळालेलेही असतात. त्यातही एक दिलासा: नापास झाल्याने एमबीबीएसची नोंदणी जात नाही. तो डॉक्टर राहतोच आणि पुढच्या सत्रात पुन्हा बसू शकतो. घरच्यांना एवढे माहीत असले, तरी निकालाच्या दिवशी फोनवरचा आवाज बदलतो.

गैरसमज : 36 तास जागल्याशिवाय डॉक्टर घडत नाही

हा समज खुद्द डॉक्टरांमध्येच सर्वांत घट्ट आहे. युनिटचा ‘इमर्जन्सी’चा दिवस सकाळी सुरू होतो, रात्रभर भरती चालू राहते, सकाळी राउंड होतो आणि त्याच कपड्यांत दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ होते. ‘आम्हीही असेच घडलो’ असे सीनियर सांगतात आणि ते खोटे नसते.

नियम मात्र काही वेगळेच सांगतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 1992 सालच्या निर्देशात सलग काम साधारणतः 12 तासांहून अधिक नसावे आणि आठवड्याला 48 तास असावे, असे म्हटले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 सालच्या नियमावलीत ‘वाजवी’ तास काम, ‘वाजवी’ विश्रांती, वर्षाला 20 दिवस नैमित्तिक रजा आणि आठवड्याची सुट्टी आहे. ‘वाजवी’ म्हणजे किती, हे तिथे लिहिलेले नाही आणि पळवाट नेमकी तिथेच आहे.

झोप आणि चूक यांचे नाते मोजले गेले आहे. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात झालेला अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. चोवीस तासांहून लांब पाळ्या करणाऱ्या नव्या डॉक्टरांच्या हातून, कमी तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे 36 टक्के जास्त गंभीर चुका झाल्या. दुसरी बाजूही सांगायला हवी. 2016 आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांत पाळ्यांच्या लांबीचे नियम सैल केल्याने पेशंटचे मृत्यू वाढल्याचे दिसले नाही. पण तिथे आठवड्याला सरासरी 80 तासांची मर्यादा कायम होती.

‘पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात गेला की गफलत होते’ हा आक्षेप बरोबर आहे. त्यावरही उपाय तपासला गेला आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नऊ रुग्णालयांत ठरावीक चौकटीत ‘हँडओव्हर’ द्यायला शिकवले, तेव्हा चुका 23 टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे पाळी बदलताना काय आणि कसे सांगायचे, हे शिकवता येते.

ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्यातल्या निवासी डॉक्टरच्या बलात्कार आणि हत्येच्या प्रकरणाची सुनावणी करताना सर्वोच्च न्यायालयानेही 36 तासांच्या ड्युट्या अमानवी असल्याचे म्हटले.

गैरसमज : ज्याला ताण झेपत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने 2024 साली अहवाल दिला. त्यासाठीच्या ऑनलाइन पाहणीत 5,337 पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने भाग घेतला. 45 टक्क्यांनी आठवड्याला 60 तासांहून अधिक काम करत असल्याचे, तर निम्म्याहून अधिकांनी आठवड्याची सुट्टी नियमित मिळत नसल्याचे सांगितले. 15 टक्क्यांहून अधिकांनी मानसिक आजार असल्याचे नोंदवले. आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगणारे 31 टक्क्यांहून अधिक होते. आठवड्याला कमाल 74 तास, सलग कमाल 24 तास आणि रोज सात-आठ तास झोप, अशी शिफारस या दलाने केली. ही शिफारस आहे. तिचा नियम व्हायचा आहे.

इतक्या मोठ्या संख्येने हुशार, कष्टाळू माणसे थकत असतील, तर दोष त्यांच्या मनात शोधून चालणार नाही. आणि आज, या क्षणी कोणाला आधार हवा असेल, तर टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही उपलब्ध आहे. डॉक्टरांसाठीसुद्धा.

गैरसमज : पदवी हातात आली, की परीक्षा संपल्या

सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्याला एक वर्ष बंधपत्रित सेवा करावी लागते. अध्यापनात जायचे तर सहसा सीनियर रेसिडेन्सी हवी. हृदयरोग, मूत्रपिंडविकार, मेंदूची शस्त्रक्रिया अशा अतिविशेष शाखांसाठी नीट-एसएस ही आणखी एक प्रवेश परीक्षा आणि मग आणखी तीन वर्षे. अठराव्या वर्षी एमबीबीएसला गेलेली मुलगी एकदाही न अडखळता चालली, तरी हृदयरोगतज्ज्ञ होईपर्यंत तिशी गाठते. त्यानंतरही महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना 30 क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात, म्हणजे शिक्षण चालूच राहते.

आणि तो अडीच वाजताचा वॉर्ड? सकाळी नऊला युनिटचे प्रमुख राउंडला येतात. रात्री प्रश्न विचारणारा नातेवाईक खाटेच्या पायथ्याशी सावरून उभा राहतो. अखेर मोठे डॉक्टर आलेले असतात. सर केसपेपर उलटतात, पेशंटच्या मनगटावर बोटे ठेवतात आणि वळून त्या ताईला विचारतात, ‘रात्री लघवी किती झाली? ऑक्सिजन कधी वाढवलास?’ ती कागदाकडे न पाहता सगळे आकडे सांगते.