हिशेब तपासणारे आणि तो वाचणारे

रस्त्यावर डांबर पडतं, रोलर फिरतो, ठेकेदाराची माणसं निघून जातात. मग त्या रस्त्याचा दुसरा जन्म कागदावर सुरू होतो. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, देयक. पुढे कधीतरी एक लेखापरीक्षक ती फाइल उघडतो. तोवर रस्त्यावर दोन पावसाळे होऊन गेलेले असतात, कनिष्ठ अभियंता बदलून गेलेला असतो. पैसे दिले तेवढं काम झालं का, आणि ते नियमाने दिलं गेलं का, हे त्याला कागदांवरून शोधायचं असतं. सार्वजनिक पैशाची सगळी जबाबदारी शेवटी या माणसाच्या टेबलाशी येऊन थांबते. त्याच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

पनवेलमध्ये या कामाची घडी अलीकडेच नव्याने बसवावी लागली. पनवेलची नगरपालिका 1852 सालची, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. 1 ऑक्टोबर 2016 रोजी ती महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. जुन्या शहराबरोबर खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या सिडकोच्या वसाहती आणि 29 गावं एका छताखाली आली. ग्रामपंचायतीची कीर्द, नगरपरिषदेचे लेखे आणि सिडकोने टप्प्याटप्प्याने सोपवलेल्या बागा, गटारं, रस्ते हे सगळं एकाच हिशेबात बसवायचं होतं.

नगरपरिषद असताना तपासणीसाठी माणसं बाहेरून येत. स्थानिक निधी लेखापरीक्षा हे वित्त विभागाखालचं संचालनालय 1930 च्या मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियमावर उभं आहे. त्याचं मुख्यालय पनवेलपासून फार दूर नाही, बेलापूरच्या कोकण भवनात आहे. महानगरपालिकेला मात्र 1949 चा अधिनियम लागू होतो, आणि त्यात घरातच एक तपासनीस बसवलेला आहे: मुख्य लेखापरीक्षक. त्याने दर आठवड्याला पालिकेचे हिशेब पाहायचे आणि अहवाल स्थायी समितीला द्यायचा. खर्च करतो आयुक्त आणि त्या खर्चाचा अहवाल जातो निवडून आलेल्या सोळा नगरसेवकांपुढे. कायदा करणाऱ्यांनी ही रचना समजून-उमजून केलेली आहे.

आता लेखापरीक्षकाच्या कामाकडे येऊ. बांधकामाच्या हिशेबाचा कणा म्हणजे मोजमाप पुस्तिका, कार्यालयात सगळे तिला एमबी म्हणतात. पानांना क्रमांक असतात, पान फाडायचं नसतं, जागेवर घेतलेली मोजमापं तारीख आणि सहीनिशी लिहायची असतात आणि वरच्या अभियंत्याने त्यातली काही पुन्हा मोजून पाहायची असतात. जाणता लेखापरीक्षक बेरजा शेवटी पाहतो, तारखा आधी. कार्यादेशाच्या आधीचं मोजमाप, एकाच दिवशी दोन टोकांच्या कामांवर केलेली नोंद, भर जुलैत झालेलं डांबरीकरण, काम आधी आणि तांत्रिक मान्यता नंतर. आकडे जुळवून घेता येतात, पण तारखांचा मेळ घालताना माणूस चुकतो.

खरेदीतही तसंच. राज्याच्या उद्योग विभागाने 1 डिसेंबर 2016 रोजी शासकीय खरेदीची नियमपुस्तिका काढली. तिने 3 लाखांपुढच्या खरेदीला ई-निविदा सक्तीची केली आणि निविदा टाळण्यासाठी मागणीचे तुकडे पाडायला मनाई केली. तरी मर्यादा आखली की तिच्या जरा अलीकडे घुटमळणारी कामं दिसू लागतात. एकाच प्रभागातलं एकच गटार तीन नावांनी तीन फाइलींत विभागलेलं असेल, तर एकेका फाइलीत काहीच चुकीचं दिसत नाही. तिन्ही शेजारी ठेवल्याशिवाय ते सापडत नाही. ऑनलाइन निविदेने बंद लिफाफे, पेट्या आणि पेटीभोवतीची दांडगाई संपवली, ही मोठी गोष्ट आहे. पण निविदेच्या अटीच एका ठेकेदाराच्या मापाने शिवल्या असतील, तर संगणकाला ते कळत नाही. ते माणसालाच वाचावं लागतं.

सर्वांत कठीण तपासणी गाळाची. नालेसफाईचं काम पावसाआधी होतं आणि पहिल्याच जोरदार सरीने पुरावा वाहून जातो. पनवेलकरांना हे जवळचं आहे. गाढी नदीच्या काठचं हे शहर, शिवाय देहरंग हे स्वतःच्या मालकीचं धरण असलेल्या मोजक्या पालिकांपैकी एक, आणि धरण म्हटलं की गाळ आलाच. किती घनमीटर काढला, कुठल्या गाडीने नेला, कुठे टाकला, हे वजनकाट्याच्या पावत्या, गाड्यांच्या नोंदी आणि छायाचित्रांवरून ताडायचं. मुंबईत मिठी नदीच्या गाळाबद्दल मे 2025 मध्ये सुमारे 65 कोटींच्या गैरव्यवहाराचा गुन्हा दाखल झाला. त्यात गाळ टाकण्याच्या जागांचे करारच बनावट असल्याचा आरोप आहे. गाळाच्या बिलात गाळापेक्षा तो टाकल्याची जागा आधी पाहावी, ती याचसाठी.

शंका आली की लेखापरीक्षक अर्धसमास पत्र देतो. कागदाच्या अर्ध्या भागात त्याची विचारणा, उरलेला अर्धा खात्याच्या उत्तरासाठी कोरा. उत्तर पटलं तर विषय तिथेच मिटतो. नाही पटलं तर अहवालात परिच्छेद होतो, कधी 'वसूलपात्र' अशा शेऱ्यासह. आणि इथेच त्याचा हात थांबतो. वसुली त्याच्या अखत्यारीत नाही, कारवाईही नाही. पुढे खात्याने अनुपालन, म्हणजे आक्षेपावर काय केलं याचं उत्तर, पाठवायचं, ते मान्य झालं तर परिच्छेद वगळायचा, नाहीतर तो प्रलंबित राहतो. वर्षानुवर्षं राहतो. ज्याच्यावर आक्षेप घेतला तो अधिकारी निवृत्त होतो, मूळ फाइल 'उपलब्ध होत नाही', आणि परिच्छेद पुढच्या अहवालाच्या यादीत तसाच उतरतो.

वरच्या पातळीवरही वेगळं नाही. 2020 च्या मार्चमध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात कॅगने सिडकोच्या मेट्रो आणि विमानतळाच्या कामांवर बोट ठेवलं. मोठ्या कामांच्या निविदा सूचना राष्ट्रीय वृत्तपत्रांत न देणं, वाढीव कामं निविदेविना त्याच ठेकेदाराला देणं, उशिराबद्दलचा दंड वसूल न करणं, असे ते आक्षेप होते. ही कामं पनवेलच्या अंगणातली. त्यानंतर 2023 मध्ये मुंबई महापालिकेच्या सुमारे 12,000 कोटींच्या कामांवर कॅगचा विशेष अहवाल आला. त्यात 214 कोटींची 20 कामं निविदेविना दिलेली निघाली आणि 4,755 कोटींच्या 64 कामांत ठेकेदाराशी करारच झालेला नव्हता. करार नसेल तर चुकलेल्या ठेकेदाराला कुठल्या कलमाखाली धरायचं? दोन्ही अहवालांवर बातम्या आल्या, मग हळूहळू विषय मागे पडला.

पनवेलच्या बाबतीत मला सर्वांत जास्त खुपतो तो जुलै 2022 ते जानेवारी 2026 हा काळ. 2017 साली निवडून आलेल्या 78 नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. आयुक्तच प्रशासक झाले, महासभा आणि स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याकडे आले. माणूस कितीही सचोटीचा असो, खर्च मंजूर करणारा तोच, खर्च करणारा तोच आणि त्या खर्चावरचा अहवाल ज्याच्यापुढे जायचा तोही तोच. कायद्याने जाणूनबुजून वेगळे ठेवलेले दोन हात साडेतीन वर्षं एकाच माणसाला जोडलेले होते. याच काळात खारघर-कामोठ्याची कुटुंबं ऑक्टोबर 2016 पासूनच्या मालमत्ता कराच्या बिलांवरून भांडत होती, न्यायालयात जात होती. सिडकोला सेवाशुल्क भरलं, मग हा कर कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. ज्यांच्याकडून मागील वर्षांचा पैसा मागितला जातो, त्यांना त्याच वर्षांचा खर्च तपासून दाखवणं पालिकेचं कर्तव्य ठरतं. तो तपासून पाहायला सभागृहच नव्हतं.

जानेवारी 2026 मध्ये मतदान झालं आणि सभागृह परत आलं. नव्या स्थायी समितीने पहिल्या काही बैठकांतच प्रशासकीय काळातल्या लेखापरीक्षण अहवालांची आणि प्रलंबित परिच्छेदांची खातेनिहाय यादी पटलावर मागवायला हवी. तिला वेगळा अधिकार लागत नाही, 1949 च्या कायद्याने तो दिलेलाच आहे. नागरिकांसाठी 2005 चा माहिती अधिकार आहे. त्याखाली अर्ज करणारे बहुतेक जण फक्त लेखापरीक्षण अहवाल मागतात, आणि हाती आक्षेपांची जाड यादी येते. अर्जात आणखी एक ओळ घालावी: त्या आक्षेपांवर खात्याने पाठवलेल्या अनुपालन अहवालाची प्रत, तारखेसह.