दारातल्या काचेची कैफियत

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीतून ज्यांनी भर आषाढात प्रवास केला आहे, त्यांच्या स्मरणात एक दृश्य खचित असेल. पावसाची आडवी सर आत येऊ लागली, की मागच्या आसनावरील उतारू काच चढविण्यासाठी दार चाचपू लागे. हँडलच्या जागी हाताला नुसती दातेरी खुंटी लागे. आणि त्याची ती चाचपड आरशात पाहून चालक, मागे वळण्याचीही तसदी न घेता, पुढच्या खणातून एक सुटे हँडल काढून त्याच्या स्वाधीन करी. चार दारांत मिळून एकच हँडल, आणि तेही काम होताच सरकारजमा करावयाचे, अशी त्या वाहनातील वहिवाट होती. हँडले चोरीला जातात म्हणून चालक ती काढून ठेवतात, असा उतारूंचा समज असे. त्यात तथ्यांश असेलही. परंतु पुढे त्याच जातीच्या एका मोटारीच्या दारात मी स्वतः दोन पावसाळे डोके घातल्यावर माझी अशी खात्री झाली, की त्यांतल्या बहुतेक हँडलांचा बळी चोराने घेतलेला नसून काचेने घेतलेला असावा. काच वाटेत अडते, उतारू जोर लावतो, मऊ धातूच्या हँडलातले दाते पोलादी खुंटीवर झिजून गुळगुळीत होतात, आणि दोष असतो तिसऱ्याच ठिकाणी, दाराच्या पोटात, जिथे कोणी पाहत नाही.

काच दाराच्या पोटात उतरविण्याची युक्ती मोटारीहून जुनी आहे. घोडागाडीच्या बंदिस्त डब्याला आणि त्यानंतर विलायतेतील आगगाडीला अशीच काच असे. तिच्या खालच्या कडेला चामड्याचा रुंद पट्टा जोडलेला, पट्ट्याला ओळीने भोके, आणि हवे ते भोक खुंटीत अडकवले की काच तेवढ्या उंचीवर थांबे. आरंभीच्या मोटारींना मात्र ही चैन नव्हती. १९१९ च्या सुमारास अमेरिकेत शंभरांपैकी सुमारे नव्वद मोटारी उघड्या होत्या. पुढच्या दहा वर्षांत हे प्रमाण जवळजवळ उलटे झाले, आणि दार, चौकट, काच व ती फिरविणारे यंत्र हा सगळा संसार मोटारीच्या अंगाला कायमचा जडला. १९३३ साली जनरल मोटर्सने पुढच्या दारात स्वतंत्र फिरणारी लहान तिकोनी काच बसविली; १९४० मध्ये पॅकार्डने तेलाच्या दाबावर चढणारी-उतरणारी काच श्रीमंतांच्या सेवेस सादर केली. आमच्याकडील फियाटच्या वाट्याला हे दुसरे वैभव कधी आले नाही. तिकोनी काच तेवढी आली. आणि वैशाखाच्या दुपारी ती पुरती उलटी फिरवून ज्याने रस्त्यावरचा वारा थेट सदऱ्याच्या गळ्यात घेतला आहे, त्याला आजच्या वातानुकूलनाचे कौतुक बेताचेच वाटावे.

या मोटारीचे घराणे आपल्या परिचयाचे आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या मोटारींची जुळणी होऊ लागली आणि १९५१ पासून इटलीच्या फियाटशी संबंध जडला. जिच्या पाठमोऱ्या गोलाईमुळे आपल्या लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ हे अनादराचे वाटले तरी मायेचे नाव दिले, ती अकराशे जातीची मोटार या संबंधातून आली. तिची पुढची दारे मधल्या खांबावर बिजागरी असलेली, म्हणजे पुढून मागे उघडणारी. त्यानंतर १९६४ मध्ये कोनदार अंगाची ‘डिलाइट’ आली, आणि १९७४ मध्ये तिचेच नामकरण ‘प्रीमियर पद्मिनी’ असे झाले. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत घालून दिलेली असल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, त्या वेळी वर्तमानपत्रांनी मृत्युलेखाला शोभेल अशा भाषेत तिचा निरोप घेतला. खासगी मालकीच्या ज्या उरल्या त्यांतली एक, थोरल्या काकांच्या पश्चात, माझ्याकडे आली.

तिची डावी पुढची काच चढताना पुढच्या अंगाने वर जाई, मागच्या अंगाने रेंगाळे, आणि दोनतृतीयांश वाट चालून तिरपी होऊन अडकून बसे. एका कारशाळेत (तिचे नाव घेण्यात हशील नाही) मला ‘साहेब, मशीन गेली’ असा निकाल मिळाला. गॅरेजच्या भाषेत काच फिरविणाऱ्या यंत्रणेला मशीन म्हणतात. मशीन बदलली. पंधरवड्यात काच पुन्हा तिरपी. पुन्हा मशीन बदलली. या खेपेस हँडलचेच दाते गेले. अखेर पुण्याच्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या दुकानांच्या गर्दीत, एका वृद्ध मिस्त्रींचे ठिकाण मला कोणी सांगितले. त्यांनी हत्यार हाती घेतले नाही. मला आत बसवून हँडल फिरवायला सांगितले आणि बाहेरून काचेवर तळहात ठेवून उभे राहिले, वैद्य नाडीवर बोटे ठेवून उभा राहावा तसे.

“साहेब, मशीन बिचारी काय करील? काचेला वाटच नाही.”

दाराचे अंतरंग उघडण्याचा विधी पाहण्यासारखा असतो. हँडलमागच्या चकतीआड एक घोड्याच्या नालासारखी चिमुकली स्प्रिंग हँडलाला खुंटीवर धरून ठेवते. उतावळा माणूस तिथे पेचकस खुपसून रंग खरवडतो. मिस्त्रींनी जुन्या धोतराची चिंधी हँडलमागे घालून, बूट पुसावा तशी दोन्ही हातांनी मागे-पुढे ओढली. नाल चिंधीत अडकून टुणकन बाहेर आली, तीही त्यांनी हवेतच झेलली. मग पुठ्ठ्याचे अस्तर, त्याखालचा मेणकागद, आणि त्यामागे पोकळी. त्या पोकळीतून काय निघावे? तिकोनी काचेच्या फटीतून कधीकाळी घसरलेले बसचे तिकीट, केसांचा आकडा, आणि ॲल्युमिनियमचे चौकोनी पाच पैसे. काकांच्या हिशेबी स्वभावाची ज्यांना माहिती आहे, त्यांना त्या पाच पैशांचा शोध किती दिवस चालला असेल याची कल्पना येईल.

मशीन दोन घराण्यांची असते. एका घराण्यात हँडलचे लहान दातेरी चक्र मोठ्या पंख्यासारख्या दातेरी पट्टीला फिरविते आणि तिला जोडलेला लांब हात काचेला उचलतो. त्या पट्टीच्या मुळाशी घड्याळासारखी गुंडाळलेली जाड स्प्रिंग काचेचा भार तोलून धरते, आणि ही स्प्रिंग ताणलेली असताना पट्टी सोडविणाऱ्याची बोटे ती बिलकुल क्षमा करीत नाही. दुसऱ्या घराण्यात चक्राऐवजी पिंप, पिंपावर पोलादी तार, आणि तार कप्प्यांवरून फिरून काचेला वर-खाली ओढते. फियाटने आपल्या कित्येक मोटारींत हीच कास धरली. तारेचा एखादा पदर तुटला की तो सुईसारखा उभा राहतो, आणि ती कप्प्यावर घासू लागली की थोड्याच दिवसांत तिचा ग्रंथ आटोपतो. दोन्ही घराण्यांत हँडलच्या खुंटीभोवती एक आवळणारी स्प्रिंग असते. हाताने फिरविल्यास ती सैल होते, काचेने स्वतःच्या वजनाने फिरवू पाहिल्यास आवळून बसते. खड्ड्यांतून जाताना काच आपोआप खाली सरकू लागली तर तो हिचा थकवा समजावा, आणि त्या प्रसंगी मात्र मशीन बदलणे रास्त होय.

माझ्या दाराचा आजार निराळा होता. काचेची खालची कड लोखंडी पन्हळीत रबराची पट्टी घालून बसविलेली असते आणि मशीन काचेला धरीत नाही, त्या पन्हळीला धरते. काचेच्या घनतेचा हिशेब मांडला तर सहा डेसिमीटर लांब, चार उंच आणि पाच मिलिमीटर जाड काच तीन किलोची भरते. हा भार प्रत्येक वेळी दार आपटताना त्या पन्हळीवर उसळतो, तोही काच अर्धी उतरलेली असताना सर्वांत क्रूरपणे. पन्हळीत पाणी साचून गंज धरला होता, गंजाने फुगून रबर एका टोकाला बाहेर ढकलले होते, आणि आधीच्या दोन्ही दुरुस्त्यांत कोणी तरी पन्हळ काचेवर दोन बोटे पुढे सरकवून ठोकली होती. उचलण्याचा बिंदू काचेच्या गुरुत्वमध्यापासून ढळला, मग ती तिरपी चढणार नाही तर काय करील? मिस्त्रींनी पन्हळ वाळूकागदाने घासून रंगविली, नवी पट्टी साबणाच्या पाण्यात भिजवून कडेवर दुमडली, काचेच्या मागच्या कडेपासूनचे अंतर दुसऱ्या दाराच्या काचेवरून मोजून घेतले आणि लाकडी मोगरीने हलके ठोके देत पन्हळ बसविली. काचेच्या कोपऱ्याला एक टवका होता. तो घासून सारखा करावा काय, असे मी अजाणतेपणी विचारले.

“घासा की. मग केरसुणी घेऊन या.”

त्यांच्या थट्टेत पदार्थविज्ञान होते. दाराची कठोर काच सहाशे अंशांहून अधिक तापवून वाऱ्याच्या झोतांनी एकदम निववलेली असते. पृष्ठभाग दाबाखाली आणि अंतर्भाग ताणाखाली अशा समतोलावर तिचे बळ उभे असते. तो समतोल कापण्याने वा खोल घासण्याने मोडला की सबंध काच क्षणात ज्वारीच्या दाण्यांएवढ्या तुकड्यांची रास होते. म्हणून नवी काच हवी असल्यास आधी कापून, कडा घासून, मगच भट्टीत घालावी लागते. जुन्या मोटारींच्या दाराच्या काचा बहुतांशी सपाट, त्यामुळे हे काम अजून आवाक्यात आहे; १९५७ च्या इंपीरियल मोटारीपासून बाजूच्या काचांना बाक आला, आणि त्या जातीच्या मोटारींच्या मालकांची मला खरोखरच दया येते.

यापुढचा भाग संथ आहे. काचेच्या दोन्ही कडांना मखमली अस्तराच्या खोबणी असतात. पुढची खोबण तिकोनी काचेच्या उभ्या दांडीतच दडलेली असते, मागची दाराच्या आत पट्ट्यांवर बोल्टांनी धरलेली. तिकोनी काचेची चौकट ढिली असेल तर मोठी काच कितीही नीट बसवा, ती खडखडणारच. हे नाते बहुतेकांच्या ध्यानात येत नाही आणि खडखडाटाचा इलाज म्हणून खोबणीत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या जातात. मागच्या खोबणीच्या बोल्टांना भोके लांबट असतात ती तजवीज समायोजनासाठीच होय. मिस्त्रींचा क्रम असा: सर्व बोल्ट सैल करून काच पूर्ण वर न्यावी आणि वरचा बोल्ट आवळावा, मग पूर्ण खाली आणावी आणि खालचा आवळावा. काच स्वतःच आपल्या दोन तटांमधले अंतर मोजून देते. हे काम उलट क्रमाने, काच मधेच ठेवून करणारे मी पुष्कळ पाहिले, आणि खोबणी वर रुंद व खाली अरुंद झाल्याने त्यांची काच उतरताना कुरकुरते.

वंगणाच्या बाबतीत माझे मत कडवे आहे. ग्रीस फक्त दातांना आणि कप्प्यांना. मखमलीला कदापि नाही. खोबणीत तेल ओतले की दोन दिवस काच लोण्यासारखी फिरते, तिसऱ्या दिवसापासून रस्त्याची धूळ त्या तेलात कालवून सहाणेवरच्या लेपासारखी होते, आणि खनिज तेलाने रबर फुगते ते वेगळेच. शंखजिऱ्याची कोरडी पूड किंवा सिलिकोनचा हलका हात पुरतो.

राहता राहिले पाणी. दाराच्या वरच्या कडेला काचेला चाटून राहणारे रबर पाणी थोपवून धरते असा सर्वसाधारण समज आहे, आणि म्हणूनच लोक ते रबर गच्च दाबून बसवितात, काच जड करून ठेवतात. पण काचेवरून निथळणारे काही पाणी दाराच्या पोटात उतरणार, हे रचनाकाराने आधीच कबूल केलेले असते. ते अस्तरापर्यंत पोचू नये म्हणून मेणकागद, आणि खाली वाहून जावे म्हणून दाराच्या तळकडेला भोके. धूळ, गळलेले रबर आणि रंगाचे थर बसून ती भोके बुजली, की दार म्हणजे हौदच. मग काचेची पन्हळ पावसाळाभर त्या हौदात उभी.

अस्तर लावण्यापूर्वी मिस्त्रींनी सायकलच्या आरीने तिन्ही भोके टोकरली, काच चार वेळा वर-खाली केली आणि शेजारच्या चहावाल्याकडून तांब्याभर पाणी आणवून ते सावकाश काचेवर सोडले. आम्ही दोघे उकिडवे बसून दाराखाली पाहत राहिलो. पहिल्या भोकातून धार लागली, दुसऱ्यातूनही लागली. तिसऱ्यातून काही थेंब आले आणि थांबले. मिस्त्रींनी तांब्या माझ्या हाती दिला, आरी पुन्हा उचलली आणि म्हणाले, “आणखी एक भरून आणा.”