आधी पाना, मग प्रोग्राम

बेळगावच्या माणसाला मशीनचं अप्रूप नसतं. उद्यमबागेत एक चक्कर मारली की फाउंड्रीची भट्टी, लेथचा आवाज आणि चहाच्या टपरीवर ‘दोन थाउचा फरक आहे’ असं बोलणारी माणसं भेटतातच. (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) पण असंच एक मशीन घरातल्या टेबलावर मावतं आणि ते साधारण एका चांगल्या मोबाइलच्या किमतीत येतं, हे आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नाही. गेल्या वर्षी बाबा आणि मी मिळून असं एक छोटं सीएनसी मिलिंग मशीन घरी बसवलं. ते नीट चालायला लागेपर्यंत बरंच काही शिकायला मिळालं. घरातल्या ज्या मुलामुलींना काहीतरी करून बघायची हौस आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आमचं काम ठरलेलं होतं. खानापूर तालुक्यातलं आमचं जुनं घर उतरवलं, तेव्हा पुढच्या दाराची एक सागवानी फळी आजीने ठेवून घेतली होती. नव्या घराला ‘कृष्णाई’ हे नाव द्यायचं आणि त्याची पाटी याच फळीची करायची, असा तिचा हट्ट. एका दुकानात नमुना काढून घेतला, तर त्यात ‘ष्ण’ फुटून ‘ष’ला हलन्त लागलेला आणि ‘ण’ वेगळा पडलेला. आजी म्हणाली, “माझ्या दारावर असलं मराठी नको.” फळी एकच होती. त्यामुळे मशीन पूर्ण भरवशाचं झाल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं.

मशीन म्हणजे काय

संख्यांच्या हुकमावर चालणारं मिलिंग मशीन अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९५२ साली दाखवलं गेलं. त्याला भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून सूचना मिळत. आज तेच काम तळहाताएवढ्या सर्किट बोर्डवर होतं. त्यात ‘जीआरबीएल’ नावाचा मोफत मिळणारा प्रोग्राम असतो. संगणक एकेक ओळ पाठवतो, ‘इतक्या वेगाने इथपर्यंत जा’, आणि बोर्ड त्याप्रमाणे तीन मोटरी फिरवतो. या ओळींना जी-कोड म्हणतात.

आमचं मशीन ‘३०१८’ प्रकारचं आहे. म्हणजे कामाची जागा सुमारे ३०० बाय १८० मि.मी., आणि वर-खाली ४५ मि.मी.च्या आसपास. त्याच्या कॉलेटमध्ये बसणाऱ्या बिटांचा दांडा ३.१७५ मि.मी. जाडीचा असतो. हा आकडा मला विचित्र वाटला होता. बाबांनी बिट दोन बोटांत फिरवून बघितलं आणि म्हणाले, “अगं, हे तर एक सूत आहे.” आठ सूत म्हणजे एक इंच. आपल्या सुतारांचं माप त्या डब्यात होतं, फक्त मिलिमीटरचे कपडे घालून.

जोडणी: गुण्या आणि कर्ण

मशीन सुट्ट्या भागांत येतं. सगळे बोल्ट आधी हलके लावायचे, सांगाडा काटकोनात आणायचा आणि मगच आवळायचे. काटकोन तपासायला गुण्या आहेच, पण मशीनकडूनही तपासून घेता येतं. एका कोपऱ्यात बारीक टिंब पाडा. तिथून आडवं २४० मि.मी. जाऊन दुसरं आणि उभं १८० मि.मी. जाऊन तिसरं पाडा. दुसऱ्या आणि तिसऱ्या टिंबातलं अंतर बरोबर ३०० यायला हवं. शाळेतलं ३-४-५च, साठपट केलेलं. आमचं पहिल्यांदा दीड मि.मी. जास्त आलं. एका बाजूचे चार बोल्ट सैल करून, आडवा दांडा किंचित ढकलून पुन्हा आवळले.

पुढची पायरी मापाची. मोटर एका फेरीत २०० पावलं टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो, म्हणजे ३२०० भाग झाले. आमचा स्क्रू एका फेरीत ४ मि.मी. सरकवतो. ३२०० भागिले ४, म्हणजे एका मिलिमीटरला ८००. हाच आकडा जीआरबीएलच्या $१००, $१०१ आणि $१०२ या तीन सेटिंगांत असायला हवा. १०० मि.मी. सांगितल्यावर मशीन ५० किंवा २०० सरकलं, तर हा हिशेब चुकलाय असं समजा. पण ९९.७ आलं तर लगेच आकडा बदलायला जाऊ नका. असा थोडासा फरक बहुतेक वेळा ढिलाईचा असतो. आकडा फिरवून तो एका जागी झाकला जातो आणि दुसऱ्या जागी बाहेर येतो.

बाबांचा क्रम

बाबांनी पस्तीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढली. संगणकाला ते हात लावत नाहीत, पण बिघाड शोधण्याचा त्यांचा क्रम आम्ही भिंतीवर लिहून ठेवलाय: “आधी पाना, मग तार, मग प्रोग्राम. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.” माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे मी कारण स्क्रीनवर शोधणार हे त्यांना ठाऊक होतं.

आमच्या मशीनने दिलेले तीन त्रास सांगते, म्हणजे क्रमाचा उपयोग कळेल.

पहिला: वर्तुळ चार ठिकाणी चपटं येत होतं. चपटेपणा नेमका जिथे एखादी मोटर दिशा बदलते तिथे होता. याला बॅकलॅश म्हणतात. स्क्रू उलटा फिरतो, पण नट आट्यांतली पोकळी भरेपर्यंत हलत नाही. बाबांनी डायल गेज लावला आणि मी मशीनला १ मि.मी. पुढे, १ मि.मी. मागे पाठवलं. काट्याने ०.२ मि.मी.ची चोरी दाखवली. खालच्या पितळी नटांच्या जोडीतली स्प्रिंग पुरेशी दाबलेली नव्हती. एक नट थोडा फिरवला आणि वर्तुळ गोल झालं.

दुसरा: कोरीव काम पुढे सरकेल तसं खोल होत जायचं. अशा वेळी मार्कर पेन काढायचा. मोटरचा दांडा आणि स्क्रू यांना जोडणाऱ्या कपलिंगवर आरपार एक रेघ मारायची. काम झाल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर कपलिंगचा बारीक स्क्रू सैल आहे. आमची वर-खाली जाणाऱ्या मोटरवरची रेघ तुटली होती. रेघ शाबूत असती, तर बिट कॉलेटमधून घसरतंय का ते बघायचं होतं.

तिसरा: स्पिंडल सुरू झाला की काही मिनिटांत संगणकाचा मशीनशी संपर्क तुटायचा. स्पिंडलच्या ब्रशवाल्या मोटरीत ठिणग्या पडतात आणि त्यांचा त्रास यूएसबीच्या तारेला होतो. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, तर त्या सॉकेटला अर्थिंगच पोचलेलं नव्हतं. ते नीट करून घेतलं, स्पिंडलची वायर बाकीच्या वायरींपासून लांब नेली आणि लांबलचक यूएसबी केबलच्या जागी आखूड, फेराइटची गाठ असलेली केबल लावली. नंतर तो त्रास झाला नाही.

तिन्ही वेळा प्रोग्रामपर्यंत जावंच लागलं नाही.

मराठी अक्षरं

प्रोग्रामची पाळी आली ती ‘कृष्णाई’साठी. कोरीव कामाच्या काही सॉफ्टवेअरमध्ये मराठी सरळ टाइप केलं, की जोडाक्षरं फुटतात आणि मात्रा भलतीकडे जातात. दुकानातल्या नमुन्याचं तेच झालं असावं. उपाय असा: इंकस्केप या मोफत प्रोग्राममध्ये मजकूर लिहायचा. तिथे जोडाक्षरं बरोबर जुळतात. मग त्या अक्षरांचं रूपांतर ‘पाथ’मध्ये, म्हणजे नुसत्या आकारात करायचं. आता ती अक्षरं राहिली नाहीत, चित्र झालं. कुठलंही सॉफ्टवेअर ते मोडू शकत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या लिपीतली. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरात थोडी घुसलेली असते. कागदावर ते दिसत नाही, पण मशीनला दोन वेगळे आकार दिसतात आणि सांध्यावर नको ती रेघ कोरली जाते. म्हणून सगळे आकार निवडून ‘युनियन’ करायचं. मग शिरोरेघ एकसंध होते.

फळीची पाळी

आधी सराव एमडीएफवर केला. प्रत्येक वेळी बिट लाकडाच्या १० मि.मी. वर ठेवून हवेतच एक फेरी पूर्ण करायची, म्हणजे ते कुठे आदळणार असेल तर आधीच कळतं. तारीख, काय दिसलं, काय बदललं, काय झालं, हे सगळं वहीत लिहीत गेलो.

फळीवर बाबांनी आधी जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवलं. जुन्या दाराच्या लाकडात मोडके खिळे असतात. दोन सापडले, ते काढले. फळी थोडी वाकलेलीही होती. आम्ही ६० अंशांचं व्ही-बिट वापरणार होतो. त्याची खोली अर्धा मि.मी. वाढली, तर रेघ सुमारे ०.६ मि.मी. रुंदावते. म्हणून वरून एक पातळ थर कापून पृष्ठभाग सपाट केला. सागवानात सिलिका असते, त्यामुळे बिट लवकर बोथट होतं. शेवटच्या कामाला नवं बिट लावलं. वीज गेली तर घ्यायची काळजी म्हणून सुरुवातीच्या बिंदूवर एक बारीक भोक पाडून ठेवलं, कारण मर्यादा-स्विच नसतील तर वीज आल्यावर मशीन आपली जागा विसरलेलं असतं.

दोन तासांत पाटी झाली. आजीने ‘ष्ण’वरून बोट फिरवलं, ‘ऋ’कार तपासला आणि “हं” म्हणाली. पाटी आता दारावर आहे.

करून बघणाऱ्यांनी गॉगल आणि मास्क लावायचाच, एमडीएफचा भुसा फार बारीक असतो. केस बांधा, ओढणी आणि चेन काढून ठेवा. बंद करायचं बटण हाताशी ठेवा आणि मशीन चालू सोडून खोलीबाहेर जाऊ नका.

आणि विकत घेण्याआधी एक करा. बेळगाव असो, इंदूर, बडोदा किंवा हैदराबाद, आपल्या नात्यात किंवा गल्लीत एखादे निवृत्त फिटर, टर्नर किंवा सुतार काका असतातच. मशीनचा खोका उघडाल त्या दिवशी त्यांना चहाला बोलवा, आणि पाना त्यांच्या हातात द्या.